कोकणातले आठवडी बाजार : मांडवा ते कारवार, किनाऱ्याने जाताना कुठल्या वारी कुठे थांबू?

पायवाटकर
नमस्कार मंडळी. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात गाडीने खाली जायचं चाललंय, भाऊच्या धक्क्यावरून रोरोने (गाडी नेणाऱ्या बोटीने) मांडवा आणि तिथून जमेल तितकं किनाऱ्याकिनाऱ्याने कारवारपर्यंत. आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाईंना समुद्रात शून्य इंटरेस्ट आहे, वाळू चपलेत जाते म्हणतात, त्यांना बाजार बघायचेत. आणि बाजार म्हणजे 'कोकण मेवा' पाटीवाली हायवेची दुकानं नाहीत बरं का, ती पाकिटं दादरला पण मिळतात, तर जिथे बायका स्वतःच्या परसातलं घेऊन जमिनीवर बसतात तो बाजार. नेटवर शोधलं तर प्रत्येक ठिकाणी तीच ती 'टॉप टेन' यादी आणि त्यात अर्ध्या जागा कपड्यांच्या. तर कुठला बाजार कुठल्या वारी, मार्चमध्ये नक्की काय मिळतं, आणि गावातला माल कसा ओळखायचा एवढं सांगा. मुक्काम अजून बुक केलेले नाहीत, त्यामुळे वार जुळवता येतील.

चौलची_सून
सुरुवात आमच्याकडूनच करा की. मार्च म्हणजे अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा ऐन मोसम. भात कापलं की त्याच जमिनीत हा कांदा लावतात आणि फेब्रुवारीपासून माळा रस्त्याला लागतात. कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूला रस्त्याकडेला बांबूवर टांगलेल्या दिसतीलच. आता नीट ऐका, कारण याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून कुठलाही पांढरा कांदा 'अलिबागचा' म्हणून खपवतात. आमचा कांदा जरा चपटा, मान बारीक, आणि पात न कापता तिचीच वेणी घालून माळ केलेली असते. चिरताना डोळ्याला फारसं पाणी येत नाही आणि कच्चा खाल्ला तर गोडसर लागतो. सुटा जाळीच्या पिशवीत भरलेला, एकसारखा गोल गोल दिसला की पुढे चालायचं. घरी नेल्यावर माळ सोडू नका, तशीच खिळ्याला हवेशीर टांगा आणि खालून एकेक तोडत वापरा. पोत्यात भरून गाडीच्या डिकीत चार दिवस ठेवलात तर कारवारला पोचेपर्यंत वास सुटेल, म्हणून खरं तर परतीच्या वाटेवर घ्या.

बारक्या
+१ परतीला. आणि वालाच्या शेंगा दिसल्या तर सोडू नका, पोपटीचा (मडक्यात शेंगा भाजण्याचा) सीझन जात आलेला असतो तेव्हा पण मिळतात कधी कधी.

कुडाळी_मसाला
पायवाटकर, तुमचं नशीब बघा, सिंधुदुर्गापासून खालचे वार असे पडलेत की उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्या माणसाला बरोबर लागोपाठ सापडतात. सोमवारी मालवण, मंगळवारी सावंतवाडी, बुधवारी कुडाळ, शुक्रवारी म्हापसा, रविवारी कारवार. वेंगुर्ल्याचा पण रविवार, पण तोपर्यंत तुम्ही खाली गेलेले असाल. कुडाळ जरा उलट जायला लागतं, सावंतवाडीहून हायवेने वर, पण अंतर काही फार नाही. नाहीतर बुधवार-गुरुवार वेंगुर्ला, शिरोडा, रेडी असं समुद्राकडून रमतगमत खाली उतरा आणि शुक्रवारी पहाटे म्हापसा गाठा. म्हणजे तुम्ही रविवारी रात्री मालवणात मुक्कामाला असायला हवं एवढंच गणित. मांडव्याहून शुक्रवारी किंवा त्याच्या आधी निघालात तर सावकाश होईल, कारण मध्ये आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी आहेत आणि प्रत्येक जेटीवर थोडं थांबणं आलंच.

पायवाटकर
अरे वा, हे तर कुणीच लिहिलेलं नव्हतं कुठे! सोमवार धरून उलटं मोजते आता.

घाटावरचा
पण एक विचारू का, या बाजारांत माल येतो कुठून? मी कोल्हापूरचा, आमच्याकडून रात्री टेम्पो भरून गगनबावड्याने आणि फोंडा घाटाने खाली उतरतात, कोबी, टोमॅटो, ढबू, वांगी. बेळगावकडचा आंबोलीने जातो. तोच माल मालवणात 'लोकल' म्हणून फोटो काढून लोक टाकतात तेव्हा हसू येतं.

आबा_तेंडोलकर
घाटावरचे, बरोबर बोललात. पण गावठी नाय असा नाय. बाजाराक जावचा तर सकाळी सातांक पोचाक व्हया. धा वाजले काय गावठी भाजी संपता, मगे उरता ता सगळा तुमच्या घाटावरचा. गावची बाई सकाळच्या पयल्या एसटीन येता, टोपली रिकामी झाली काय दुसऱ्या एसटीन घराक. तिका बाजारात बसान ऱ्हवाक टायम नाय, घराकडे ढोरा असतत.

कुडाळी_मसाला
आबांनी मुद्द्याचं सांगितलं. पुढचं मी सांगतो, आबा टाईप करून दमतात. मोठी ताडपत्री, वर छत्री, इलेक्ट्रॉनिक काटा, टोमॅटोचा डोंगर आणि 'घ्या घ्या' ओरडणारा माणूस, हा व्यापारी. त्यात वाईट काही नाही, गाव त्याच्यावरच आठवडा काढतं, कांदे-बटाटे आमच्याकडे कुठे पिकतायत. पण तुम्हाला जे हवंय ते मुख्य रांगेत नाहीच, ते बाजाराच्या कडेला, गल्लीच्या तोंडाशी, बंद दुकानाच्या पायरीवर, स्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर बसतं. एक टोपली, पुढ्यात गोणपाट आणि त्याच्यावर चार प्रकार, तेही थोडे थोडे. लाल माठाच्या जुड्या, मुळे, चवळीच्या शेंगा, एखादं पडवळ, चार नारळ, केळफूल, आणि शेवटी एका पुडीत घरच्या मिरच्या. जुडी रबरबँडने नाही, केळीच्या सोपाने (खोडाच्या सालीने) बांधलेली असते. मुळांना लाल माती तशीच. आणि काटा नसतो! वाटे लावलेले असतात किंवा नगावर. एकाच बाईकडे इतके वेगवेगळे जिन्नस आणि प्रत्येकाचं प्रमाण जेमतेम एका घराच्या परसाएवढं, हीच खूण. कुणी नुसती वांगीच वांगी घेऊन बसलं असेल तर तो टेम्पो आहे.

चौलची_सून
केळीच्या सोपाचं अगदी! आमच्याकडे पण तेच.

डील_हंटर
सगळं छान आहे पण टुरिस्ट दिसला की भाव वाढतो हे कुणी बोलत नाहीये. गाडीवर मुंबईची नंबरप्लेट, गळ्यात कॅमेरा, की संपलं. मी तर सरळ अर्ध्यापासून सुरू करतो, त्यांना पण सवय असते. उगाच रोमँटिक होऊ नका.

रिटायर्ड_मास्तर
अहो हंटर, अर्ध्यापासून कपड्यांच्या बाजारात सुरू करा, खेळण्यांच्या करा. ती बाई चार जुड्या घेऊन पहाटे उठून, येण्याजाण्याचं तिकीट काढून आलेली असते, सगळी टोपली विकली तरी तिच्या हातात काय उरतं याचा एकदा हिशेब मांडून बघा. मी सावंतवाडीत नोकरी काढली, दर मंगळवारी बाजार केला. तिथला कुणी गावठी भाजीवालीशी घासाघीस करत नाही, फार तर 'एक मुळो वर घाल' म्हणतो आणि ती घालते.

डील_हंटर
मास्तर, मी भाजीबद्दल बोलतच नव्हतो, काजू-कोकमबद्दल बोलतोय. तिथे लूट आहे.

सुरंगी
दोघं पण बरोबर आहात म्हणून भांडण मिटवते. काजूगर, आगळ (कोकमाचा रस), मसाला, लोणची या टिकाऊ वस्तूंचा भाव आधी दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यायचा, त्यात लाज नाही, स्थानिक पण विचारतात. भाजी-फळाच्या टोपलीवाल्या बाईशी नको. आणि सुट्टे पैसे न्या हो, दहा-वीसच्या नोटा भरपूर. क्यूआर कोड आता खूप जणींकडे असतो पण तो मुलाच्या नावावर आणि मुलगा मुंबईला, मग ती बिचारी पैसे आले का म्हणून बाजूच्या दुकानदाराला विचारत बसते. कापडी पिशव्या पण न्या, प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे आणि तसंही ओली भाजी प्लास्टिकमध्ये गाडीत उकडून मरते. एखादी बांबूची टोपली तिथेच विकत घेतली तर प्रश्नच मिटला, बुरुडकाम करणारे बाजारात असतातच.

पायवाटकर
मार्चमध्ये काय काय मिळेल ते पण सांगा ना. सासूबाईंनी यादी केलीय : ओले काजू, कोकम, हापूस, सुकी मासळी, उकडे तांदूळ, त्रिफळं. यातलं काय होईल?

सुरंगी
तुमच्या सासूबाई एकदम भारी यादीवाल्या आहेत. घ्या एकेक.

ओले काजू : ऐन मोसम. याच्यासाठीच मार्च. शेकड्यावर मिळतात, म्हणजे शंभर गर मोजून, वजनावर नाही. मोजणं बघण्यासारखं असतं, बाई पाच-पाच गर एका पकडीत उचलते आणि तोंडाने आकडा म्हणत पानावर टाकते, शंभर झाले की वर चार जास्तीचे टाकते, आणि हात इतका भरभर चालतो की आपली नजर मागे पडते. तिच्या बोटांकडे पण बघा. काळी पडलेली असतात, साल सुटलेली. काजूच्या बीच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं, ओली बी आदोळीवर (विळीवर) धरून मधोमध चिरून काडीने गर काढायचा, एकेक. हाताला राख नाहीतर खोबरेल चोपडून बसतात तरी भाजतंच. म्हणून शेकड्याचा भाव ऐकून डोळे मोठे करण्याआधी ती बोटं बघा एवढंच म्हणते. सालीसकट घ्यायचे, घरी कोमट पाण्यात टाकले की साल सुटते. गाडीत एका दिवसावर ठेवू नका, आंबूस होतात. मुक्कामाच्या ठिकाणी फ्रीजर असेल तर डब्यात गोठवून बर्फासोबत न्या, नाहीतर सरळ जिथे उतराल त्या घरातल्या काकूंना द्या आणि उसळ करून मागा, याच्यासारखं सुख नाही.

कोकम : रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात, त्यामुळे ताजं फळ नाही मिळणार. आमसुलं मागच्या वर्षीची मिळतील, ती चालतात. दाबून बघायची, मऊ आणि किंचित ओलसर हवीत, खडखडीत वाळलेली आणि वर मिठाचे खडे असतील तर नको. आगळ घेताना लक्षात ठेवा ते खारट असतं, सोलकढीसाठी. सरबताचं गोड ते अमृत कोकम. दोन्हीच्या बाटल्या एकसारख्या दिसतात. आणि मुठेल मिळालं तर घ्या, कोकमाच्या बियांचं तेल, थिजलेला पांढरट गोळा असतो, टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं औषध नाही.

त्रिफळं : ओली हिरवी पावसाळ्याच्या शेवटाला. आता वाळवलेली मिळतील, तीच घ्या, वर्षभर टिकतात. आतली काळी बी काढून टाकायची बरं का.

हापूसवर दुसरं कुणीतरी लिहा, मी चिडते.

देवगडचा_जावई
मी लिहितो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात झाडावरचा पहिला माल निघतो पण तो जवळजवळ सगळा पेटीत भरून वाशीला जातो. आठवडी बाजारात हापूस शोधू नका, तो बाजारात बसून विकायचा माल नाहीच, तो बागेतून विकला जातो. घ्यायचाच तर एखाद्या बागायतदाराच्या दारात जा, आढीत गवतावर पिकत ठेवलेला बघा आणि तिथून घ्या. हायवेच्या स्टॉलवर ढीग लावून 'देवगड हापूस' लिहिलेलं असतं त्यात कर्नाटकचा आंबा मिसळलेला असतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. २०१८ मध्ये हापूसला जीआय मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाचच जिल्ह्यांना ते नाव वापरता येतं, पण स्टॉलवर कोण विचारतोय. देवगडच्या उत्पादकांच्या संस्थेने आता प्रत्येक फळावर नंबर असलेलं स्टिकर सुरू केलंय ते बघून घ्या.

बाजारात जो आंबा असतो तो रायवळ, आणि त्याला अजून वेळ आहे, एप्रिलच्या शेवटापासून. छोटा, रेषेचा, एकाची चव दुसऱ्याला नाही, दाबून मऊ करून चोखायचा. गावातली माणसं पोटभर खातात तो हा. हापूस पाहुण्यांना आणि मुंबईला. मार्चमध्ये तुम्हाला फार तर कैऱ्या मिळतील, लोणच्यासाठी.

घाटावरचा
'हापूस पाहुण्यांना आणि मुंबईला' 😀 आमच्याकडे गुळाचं पण तेच आहे.

रिटायर्ड_मास्तर
पायवाटकर ताई, वेंगुर्ल्याहून जाणार असाल तर प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे तिथे, १९५७ सालचं, आता दापोलीच्या कृषी विद्यापीठाखाली येतं. काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ वगैरे ज्या जाती सगळीकडे लावतात त्या इथल्या. वेंगुर्ल्यात मंडईला क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात, इंग्रजांच्या वेळची इमारत, बाजाराचा वार नसला तरी सकाळी एक चक्कर मारण्यासारखी आहे. मासे आणि भाजी जवळजवळ.

सुरंगी
उकडे तांदूळ राहिले. बाजारात मिळतात, पण खरे हवे असतील तर विचारा 'घरचे आहेत का'. घरी भात उकडून, वाळवून, गिरणीत सडून आणलेला असतो, दाणा जाडा, लालसर पट्टे राहिलेले. पेजेला तोच. शिट्या न करता उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात शिजवा, वेळ लागतो.

ना_सुकट_ना_बोंबील
सुकी मासळी गाडीत नेणार? सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार. पण कारवारपर्यंत गाडीत तुमच्याबरोबर मी नसेन.

आबा_तेंडोलकर
सुका म्हावरा मे म्हयन्यात घेवचा. जून-जुलय बोटी बंद, तेच्या आदी घराघरात बेगमी. मार्चात मिळता, पण नीट वाळला नसला तर गाडीत किडे पडतले.

कुडाळी_मसाला
हो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या आधीच्या बाजारांत सुक्या मासळीच्या रांगा लागतात, गोलमो, सुकट, खारे बांगडे, बोंबील. मार्चमध्ये घ्यायचीच तर थोडी घ्या, परतीच्या शेवटच्या मुक्कामाला, आणि कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात. बोंबील मोडून बघा, कट्कन तुटला पाहिजे. वाकला तर आत ओल आहे.

आणि सासूबाईंना समुद्र नको असेल तरी दापोलीजवळ हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव दाखवा, बाजारच आहे तो, फक्त वाळूवर. चपलेचं बघून घ्या.

पेडण्याची
गोव्याकडचं मी सांगते. म्हापसा शुक्रवार बरोबर. पण गाडी बाजाराच्या तोंडाशी नेऊ नका, अडकाल, लांब लावून चालत या आणि आठच्या आत या. बाजाराचे भाग ठरलेले आहेत, केळ्यांची वेगळी रांग, फुलांची वेगळी, मडक्यांची वेगळी, चोरिसच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा टांगलेली वेगळी. केळ्यांच्या रांगेत मोयऱ्याची केळी विचारा, ही लांब जाड, पिकल्यावर कापून तुपात परततात नाहीतर त्यांचा हलवा करतात. आमच्या पेडण्यातली हरमलची मिरची आणि खाली काणकोणची खोला मिरची, दोघींना जीआय आहे, तिखट बेताची पण रंग असा येतो की आमटी बघूनच भूक लागते. मार्चमध्ये नवी मिरची यायला सुरुवात होते, एप्रिल-मे अजून चांगला.

आणि कृपा करून अंजुणाच्या बुधवारच्या बाजाराला शेतकऱ्यांचा बाजार समजू नका, तो पर्यटकांसाठीचा आहे, छान आहे पण तिथे वालाची शेंग मिळणार नाही. सासूबाईंना झेपेल का तेही बघा 😄

एप्रिल-मेमध्ये आलात तर पुरुमेंत बघा. पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, कांद्याच्या माळा, मीठ, चिंच, वाळवलेलं जे जे असेल ते, मडगावला आणि म्हापशाला चर्चच्या फेस्ताच्या वेळी हे सगळं रस्त्यावर मांडलेलं असतं. अजूनही लोक पिशव्या भरभरून नेतात, सुपरमार्केट असून.

बारक्या
पेडण्याची ताई, सांगेपर्यंत माहीत नव्हतं पुरुमेंत हा प्रकार. भारी.

काळी_नदी
कारवारची मी, माहेर सिंधुदुर्ग. रविवारी आमच्या गावात सगळा तालुका उतरतो असं वाटतं. मराठी-कोंकणी दोन्ही चालते, कन्नड नाही आली तरी अडणार नाही. भाजीच्या रांगेत हालक्की समाजाच्या बायका ओळखू येतात, गळ्यात मण्यांच्या माळांचे थरच्या थर, साडी नेसायची पद्धत वेगळी, त्या स्वतः पिकवतात आणि स्वतःच विकतात, त्यांच्याकडची हिरवी भाजी, वांगी, काकडी घ्या. फोटो काढायचा तर आधी विचारा आणि काहीतरी विकत घ्या, नुसते फोटो काढून जाणाऱ्यांचा आता त्यांना वैताग आलाय आणि मला तो पूर्ण समजतो.

एक सुचवते, कारवारला थांबण्यापेक्षा अजून थोडं पुढे अंकोला-कुमट्यापर्यंत जा. कुमट्याचा गोड कांदा मार्चपासून हायवेला टांगलेला असतो, पातीसकट वेण्या घालून, अगदी अलिबागसारखा पण रंगाने लालसर. चौलच्या ताईंनी लिहिलेलं वाचून गंमत वाटली, दोन्हीकडे समुद्राकाठची जमीन आणि दोन्हीकडचा कांदा तिखट नाही. अंकोल्याचा इशाड आंबा तुमच्या तारखांना नाही मिळायचा, तो मेमध्ये, पातळ सालीचा आणि रसाला दाट, आता त्यालाही जीआय मिळालंय.

चौलची_सून
काय सांगता, वेण्या पण? दोन्ही माळा आणून शेजारी टांगा हो पायवाटकर, आणि इथे फोटो टाका.

नालासोपारा_फास्ट
आमच्या वसईची सुकेळी आणि डहाणू-घोलवडचा चिकू नेहमीप्रमाणे विसरले. किनारा मांडव्याला सुरू होत नाही लोकहो.

पायवाटकर
@नालासोपारा, पुढच्या वेळी नक्की, यावेळी गाडी उलट्या दिशेला आहे!

सुरंगी
आता विषय निघालाच आहे तर सांगते, वर्षातला सगळ्यात बघण्यासारखा बाजार मार्चमध्ये नाहीच. गणेशचतुर्थीच्या आदल्या एक-दोन दिवसांचा माटवीचा बाजार. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात ती माटवी, गोव्यात माटोळी, आणि तिला बांधायला रानातली फळं-फुलं लागतात. शहरातल्या माणसाने अर्धी कधी पाहिलेली नसतात. हरणाचे दोर, कांगल्याचे झुबके, कवंडळ म्हणजे लाल चेंडूसारखं दिसणारं कडू फळ, शेरवडाची पांढरी पानं, तिरडा, सुपारीचं अख्खं शिपटं, आंबाडे, तवसं, दोडकी, पडवळ, म्हाळुंग. यातलं बरंचसं कुणी लावत नाही, पहाटे रानात जाऊन तोडून आणलेलं असतं, आणि विकणाऱ्या बहुतेक बाया रानाच्या कडेच्या वाड्यांवरच्या. भाव करायला कुणाला वेळ नसतो, पाऊस कोसळत असतो, चिखल, छत्र्या एकमेकांत अडकलेल्या, आणि सगळ्यांना तीच पाच-सहा फळं हवी असतात. दुसऱ्या दिवशी त्या फळांना काडीचा भाव नाही. मी दरवर्षी त्या गर्दीला शिव्या देते आणि दरवर्षी जाते.

रिटायर्ड_मास्तर
कांगल्याला आमच्याकडे कांगण्या म्हणतात. बाकी वर्णन तंतोतंत.

बारक्या
पावसाळ्याचं म्हणाल तर रायगडात जूनमध्ये शेवळं येतात, त्याच्यासाठी मुद्दाम पेण-पनवेलकडे जातो. पण नवीन माणसाने नुसती शेवळं उचलून आणू नयेत, काकडं (आंबट रानफळं) सोबत मागायची, ती बाई स्वतःच देते. घशाला खाज सुटते नाहीतर, रात्रभर. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी या बाकीच्या रानभाज्यांना तेवढी भीती नाही, पण कशी करायची ते विकणारीलाच विचारा. तिच्याइतकी नीट रेसिपी यूट्यूबवर नाही, आणि ती सांगताना दोन गिऱ्हाइकं थांबवून सांगते.

पायवाटकर
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला, आबांचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. आता असं ठरलंय : गुरुवारी मांडवा, शुक्रवारी हर्णैचा लिलाव, शनिवारी गुहागरकडून जयगड, रविवारी रात्री मालवण. सोमवारी मालवण बाजार, मंगळवारी पहाटे उठून सावंतवाडी, कुडाळ सोडतोय, बुधवार-गुरुवार वेंगुर्ला-शिरोडा, शुक्रवारी म्हापसा, रविवारी कारवार आणि सोमवारी कुमट्याला जाऊन परत. एकच प्रश्न, शिमगा त्याच आठवड्यात येतोय असं दिसतंय, त्याने बाजारावर काही फरक?

आबा_तेंडोलकर
पडता. पालखी घरात येवची असली काय बायो बाजाराक येवक नाय. भाजी कमी, गर्दी जास्त. चाकरमानी सगळे इलेले असतत. रूम आत्ताच बुक करा.

कुडाळी_मसाला
हो, खोल्या आधी. आणि मालवणच्या सोमवारी गाडी मुक्कामावरच ठेवा, बाजारपेठेचा रस्ता अरुंद आहे, त्या दिवशी चालतच जायचं. सावंतवाडीला मोती तलावाच्या बाजूला गाडी लावून पुढे चालत जा. ट्रेनने कुणी जाणार असेल तर लक्षात ठेवा, सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाही, मळगावला आहे, पहाटेच्या गाडीने उतरलात तर रिक्षा ठरवावी लागते.

डील_हंटर
काजूच्या शेकड्याचा भाव कळवा हो तिथे पोचल्यावर. मी एप्रिलमध्ये जातोय.

सुरंगी
कळवतील. आणि तुम्ही तो पूर्ण द्या.